दाव्याचा शेवटचा दिवस

नोकरीत पाहिलेल्या खुनांची आणि दरोड्यांची नावनिशी आता मला धड सांगता येणार नाही. अकोल्यातले एक साधे चोरीचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात कोणाला इजा झाली नाही. मुद्देमाल म्हणाल तर रुईचे एक गाठोडे. वरिष्ठांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, आणि मी स्वतःही पुष्कळ वर्षे त्याविषयी कोणाशी बोललो नाही. त्यातली माणसे किंवा त्यांची मुलेबाळे अजून असतील, म्हणून नावे देत नाही.

अमेरिकेत लढाई चालू होती तोवर विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळत नव्हता आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. ज्याच्याजवळ रोख पैसा तो कापूस घेई आणि मुंबईकडे गाड्या लावी. ज्याच्याजवळ नाही तो दुसऱ्याकडून उसना घेई. मग लढाई संपली, भाव कोसळला आणि उसने घेतलेले पैसे परत करताना माणसांची तोंडे बदलली. मी अकोल्यास ठाणेदार होतो तो हा उतरता काळ.

त्याच सुमारास दिवाणी दाव्यांचा मुदतीचा नियम आमच्याकडे लागू झालेला होता. साध्या रोख्यावर, म्हणजे देणेकऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर, उसने दिलेले पैसे असतील तर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. मधे देणेकऱ्याने नवा रोखा करून दिला किंवा देणे लेखी कबूल केले, तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तसे काही झाले नाही आणि मुदत उलटली, तर देणे कितीही खरे असले तरी कचेरी ते ऐकणार नाही. अडते आणि दलाल हा नियम लगेच शिकले. खेड्यातल्या माणसाला एवढेच ठाऊक होते की घेतलेले पैसे द्यावे लागतात.

त्या हंगामात आमच्या हद्दीत कापसाच्या गाड्यांवरून चोऱ्या होत होत्या. गाडीवान डुलकी घेई आणि मागचे गाठोडे नाहीसे होई. मोठ्या साहेबांनी मला दोनदा बोलावून विचारले होते, “तुमच्या ठाण्यात शिपाई आहेत की पाहुणे?” असे शब्द खाल्लेला अधिकारी चोर सापडण्यासाठी फार उतावीळ असतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

एका मंगळवारी सकाळी एक तोलारी ठाण्यात आला. बाजारात कापूस तोलून देण्याचे काम करणारा तो माणूस आमच्या तोंडओळखीचा होता. त्याने खबर दिली की पातूरच्या रस्त्याने एक माळी भाजीची गाडी घेऊन आला आहे, मोर्णा नदीच्या काठी थांबला आहे, आणि भाजीखाली चोरीची रुई आहे.

“तुला कसे कळले?” मी विचारले.

“पातूरले गाडी भरून राहिला व्हता, तवा पायलं जी. खाली रुईचं गाठोडं, वर मेथी. डाव्या अंगाले पाहा.”

मी दोन शिपाई आणि वाटेतून दोन पंच घेऊन नदीवर गेलो. गाडी उभी होती. माळी आंघोळ करून ओल्या धोतराने वर येत होता. पंचेचाळिशीचा, काटक, मोकळ्या चेहऱ्याचा माणूस. गाडीत वांगी, मेथीच्या जुड्या, झेंडूच्या दोन पाट्या होत्या, आणि भाजी कोमेजू नये म्हणून सगळ्यांवर पाणी मारून ओली पोती टाकलेली होती. डाव्या बाजूच्या जुड्या उचलल्या आणि गाठोडे निघाले. त्याच्या फडक्यावर एका अडतीची खूण होती, आणि त्या अडतीतून आठवड्यापूर्वीच रुई चोरीस गेल्याची तक्रार आमच्याकडे होती.

माळी त्या गाठोड्याकडे पाहत राहिला. “हे माहं नाई, सायेब,” एवढेच म्हणाला.

सगळे चोर हेच म्हणतात, असे मी पंचांना ऐकू जाईल असे बोललो. गाडीच्या कडेला बसून मी पंचनामा लिहिला. अंगझडतीत त्याच्या कमरेच्या कसणीत तंबाखू, थोडी नाणी आणि मेणकापडात गुंडाळलेला एक रोखा निघाला. तो अकोल्यातल्या एका कापूस दलालाने लिहून दिलेला होता. मी त्यावर नजर टाकली, इतर चीजवस्तूंबरोबर यादीत नोंदवला आणि ठाण्यातल्या पेटीत ठेवला.

दुपारी मी त्याला समोर बसवले. साथीदार कोण, माल कोणाला विकणार होतास, याआधी किती वेळा केलेस, असे आमचे नेहमीचे प्रश्न. तो एकाचेही उत्तर धड देईना. त्याचे आपले दुसरेच चालले होते.

“सायेब, उद्याच्याले मले कचेरीत जाऊ द्या. मंग पाह्यजे तितके दिवस ठेवा.”

“कचेरीत काय काम आहे?”

“दलालानं तीन सालापयले पैसे नेले. मळ्यातली विहीर खोल करून बांधून काढाची म्हणून जमवले व्हते. भाव होता, म्हणे दोन महिन्यांत वापस देतो. उद्या तीन सालं भरून राहिले. अर्जनवीस म्हणे, उद्याच्या आत दावा लागला नाई तं पैसे बुडाले.”

“तीन वर्षे काय केलेस?”

“मांगतच व्हतो जी. तो परवा ये म्हणे, मी परवा जाओ.”

कचेरीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसाने त्याला मुदतीचे सांगितले ते केवळ पंधरवड्यापूर्वी. मग या भल्या गृहस्थाने काय करावे? सरळ दलालाकडे जाऊन सांगितले की बुधवारी मुदत सरते, रोखा नवा करून दे, नाहीतर मी मंगळवारी भाजी घेऊन येतोच आहे, ती विकून दावा लावतो. दिवस, वाट, गाडी, सगळे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकले होते.

हे त्याने मला त्याच दुपारी सांगितले. मी ते ऐकले आणि माझ्या मनात आले की माणूस हुशार आहे, कोठडीतून बाहेर पडायला निमित्त चांगले शोधले. त्याची जबानी मी लिहून घेतली, पण त्यात रोख्याचा भाग घेतला नाही. गुन्ह्याशी संबंध नाही असे मला वाटले.

बुधवारी सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. पातूरहून येणाऱ्या कोणा गाडीवानाने तिला निरोप दिला होता आणि ती दहा कोस चालून आली होती. नवऱ्याला भेटू द्या असे काही ती म्हणाली नाही. म्हणाली, “त्याइले ठेवा. तो कागद तेवढा मले द्या. मी नेतो कचेरीत.”

मी सांगितले की झडतीत मिळालेली वस्तू मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय बाहेर देता येत नाही. नियम तसाच होता, ते खोटे नव्हते. पण तो हुकूम मागायला एक ओळ लिहावी लागली असती, आणि त्याच दिवशी अकराच्या सुमारास आरोपीला घेऊन मी स्वतःच मॅजिस्ट्रेटपुढे जाणार होतो.

आमच्याकडे तहसीलदारच फौजदारी काम पाही आणि त्याच आवारात पलीकडच्या खोलीत दिवाणी दावे दाखल होत. म्हणजे ज्या कचेरीत जाऊ द्या म्हणून तो आदल्या दिवसापासून विनवत होता, तिथेच मी त्याला दंडाला दोरी बांधून नेले. ओसरीवर तो थबकला. समोरच्या खोलीच्या दाराशी अर्जनवीस आपली चटई टाकून बसला होता. त्याने माळ्याला ओळखले आणि लेखणी खाली ठेवली.

“सायेब, तेच तं ते दार,” माळी म्हणाला. “इतकं तठी गेलो, का झालं माहं काम.”

“आधी हे काम होऊ दे,” मी म्हणालो आणि शिपायाने दोरी ओढली.

आत तहसीलदारांनी मुद्देमाल पाहिला, माझा अहवाल वाचला आणि तपासासाठी तीन दिवसांची कोठडी दिली. मी रोख्याची गोष्ट काढली नाही. माळ्याने काढली, तर मी म्हणालो की त्याची चौकशी चालू आहे. तहसीलदारांनी मान डोलावली. पोलिसाचे वाक्य आणि आरोपीचे वाक्य एकाच वेळी कानावर पडले की कोणते आत शिरते, हे मला त्या वयात चांगले ठाऊक होते.

तिसऱ्या प्रहरी बाई परत ठाण्यात आली. अर्जनवीसाने दाव्याचा अर्ज लिहून ठेवला होता, त्याचे पैसेही घेतले नव्हते, पण मूळ रोखा जोडल्याशिवाय कारकून अर्ज घेईना. “तुमचा शिपाई द्या संगं,” ती म्हणाली. “त्याच्याच हाती देजा कागद. मी शिवत बी नाई.”

ही तोड इतकी सरळ होती की आज मला नवल वाटते, माझ्या ती ध्यानात कशी आली नाही. मी तिला बाहेर बसायला सांगितले.

तेवढ्यात तो दलाल ठाण्यात आला. गावातला वजनदार माणूस, आमच्या ठाण्यात त्याला खुर्ची मिळत असे. चोर पकडल्याबद्दल त्याने माझे अभिनंदन केले. कापसाचे भाव, मुंबईच्या बातम्या, मोठ्या साहेबांच्या घोड्याचा पाय, असे तो बराच वेळ बोलत बसला. बाहेर बसलेल्या बाईकडे त्याने एकदाही पाहिले नाही. कचेरीचे पाचाचे टोले पडले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, “चला, आता निघतो.”

बाईही टोले मोजत असावी. ती उठून गेली.

गुरुवारी सकाळी मी प्रकरणाचे कागद वर पाठवण्यासाठी नीट लावत होतो. पंचनामा पुन्हा वाचताना माझ्याच हातचे एक वाक्य समोर आले: ‘भाजी व पोती पाण्याने चिंब असून त्याखालील गाठोडे कोरडे आढळले.’ जे दिसेल ते लिहायचे, ही मला लागलेली चांगली सवय. लिहिलेले वाचायचेही असते, हे मात्र मला दोन दिवस उशिरा सुचले.

पातूरहून अकोल्यापर्यंत चिंब भाजीखाली आलेली रुई कोरडी कशी राहील? मी जमादाराला बाजारातून मेथी आणि रुई आणायला लावली, एका गाडीत तसेच गाठोडे रचले, वरून पाणी मारले आणि गाडी गावाबाहेर फिरवून आणायला सांगितली. दोन तासांनी गाठोडे काढले तर ते पिळून पाणी निघेल असे झाले होते. माळ्याच्या गाडीतले गाठोडे पातूरहून आलेच नव्हते. तो नदीत आंघोळीला उतरला तेव्हा कोणीतरी ते जुड्यांखाली सारले होते.

तोलाऱ्याला बोलावले. मी त्याच्यावर ओरडलो नाही. ओले गाठोडे त्याच्यापुढे ठेवले, पंचनाम्यातले वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, “पातूरला पाहिलेस म्हणालास, मग ते गाठोडे कोरडे कसे राहिले?”

त्याने आधी इकडे तिकडे केले. मग खाली बसला.

“शेठनं सांगतलं जी. म्हणे दोन दिवस आत राह्यला पाह्यजे, बस. मंग सोडला तरी चालते.”

“कोण शेठ?”

त्याने दलालाचे नाव घेतले. काल तो पाचाचे टोले पडेपर्यंत माझ्यासमोरच्या खुर्चीत का बसून होता, ते मला तेव्हा कळले. मी पेटी उघडून रोखा काढला आणि तारीख वाचली. माळी आणि त्याची बायको मला दोन दिवस जे सांगत होती, त्यातला शब्द न् शब्द त्यावर होता.

मी तसाच मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. दलालाला बोलावले गेले. तो शांतपणे म्हणाला, “हा हमाल माणूस, पिऊन काहीबी बोलते. माह्यावर दावा आला असता तं मी पैसे दिले असते. आलाच नाई, तं मी काय करू?” तोलाऱ्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय आमच्याजवळ काही नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी तोलारीही गावातून नाहीसा झाला. साहेब मला म्हणाले, “माळ्याला सोडून द्या. पुराव्याअभावी असे लिहा. ठाण्याची चूक झाली हे कागदावर आणून कोणाचे भले होणार आहे?”

मी तसे लिहिले. लिहिताना मला काहीसे हायसे वाटले, हेही सांगायला हवे.

माळ्याला सोडताना मी त्याच्या हातात रोखा दिला. त्याने तो उलटून पाहिला, मेणकापडात गुंडाळला आणि विचारले, “आता हे लागते का कामाले?” मी म्हणालो, कचेरीत विचार. त्याने विचारले. दावा दाखल झाला आणि पहिल्याच तारखेला मुदतीबाहेर म्हणून काढून टाकला गेला. मी तहसीलदारांना खाजगीत भेटलो, तेव्हा तेही खिन्न होते. म्हणाले, “वयात न आलेल्या मुलाला कायद्यात सूट आहे, वेड्याला आहे. कोठडीतल्या माणसाला नाही. तुम्ही बुधवारी एक शब्द बोलला असता, तर मी तो रोखा तिथल्या तिथे पलीकडे पाठवला असता.”

त्या रकमेची मी मनातल्या मनात माझ्या पगाराशी तुलना केली. वर्षभर हात आखडून राहिलो असतो तर मला ती भरून देता आली असती. मी दिली नाही. घर होते, बहिणीचे लग्न होते, आणि दिली असती तर चूक कबूल केल्यासारखे झाले असते.

पुढे माझी बदली अमरावतीस झाली. चारएक वर्षांनी तिवस्याची चौकी तपासायला जात असताना रस्त्याकडेच्या एका मळ्यापाशी पाणी प्यायला थांबलो. मोटेवर एक माणूस होता आणि बाई वाफ्यात कांदा लावत होती. ती पाणी घेऊन आली, तांब्या माझ्या हाती दिला आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

“अकोल्याचे ठाणेदार ना तुमी?”

मी हो म्हणालो. माळी मोट थांबवून आला आणि जुन्या सवयीने हात जोडून उभा राहिला. मी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले. मधे पाऊस कमी झाला, विहीर आटली, खोल करायला पैसा नव्हता, मळा विकावा लागला. आता या मळ्यात ते वाट्याने राबत होते. हे सगळे त्याने हवापाण्याबद्दल बोलावे तसे सांगितले.

मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, “त्या वेळी माझी चूक झाली.”

बाई म्हणाली, “ते आमाले तवाच मालूम व्हतं. तुमाले कवा समजलं?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मंग सोडताना कावून नाई सांगतलं?”

“जाऊ दे वं,” माळी म्हणाला.

“नाई, पुसू तं द्या. पैशाचं नाई पुसत मी. पातूरचे लोक म्हणत, चोरी केली पन पुरावा नाई भेटला म्हणून सुटला. माह्या पोरीची सोयरीक मोडली त्याच्यापायी. हे चार लोकाइत येऊन बोलले असते, का ह्यानं चोरी नाई केली, तं तुमचं काय जात व्हतं?”

मी घोड्यावर बसलो तेव्हा माळ्याने दोन जुड्या भाजी माझ्या शिपायाच्या हाती दिली. मी नको म्हणालो नाही, घे असेही म्हणालो नाही.

अमरावतीस परत आल्यावर मी पातूरच्या पाटलाला माझ्या सही-शिक्क्यानिशी पत्र लिहिले. या माणसाने चोरी केलेली नव्हती, गाठोडे दुसऱ्याने ठेवले होते, हे ठाण्याला तिसऱ्या दिवशी कळले होते, आणि चूक माझी होती. पत्र चावडीवर सर्वांसमक्ष वाचावे अशी विनंती केली. महिन्याभराने पाटलाचे उत्तर आले. पत्र वाचले, लोकांनी ऐकले, पण ज्याच्याबद्दल ते होते त्याचे आता गावात घर नाही आणि पुष्कळांना तो आठवतही नाही, असे त्याने लिहिले होते. मी पत्राची नक्कल तिवस्याला पाठवली. ती पोचली की नाही ते कळले नाही.

उसने पैसे मागायला कायद्याने तीन वर्षे दिली होती. चूक कबूल करायला मला कोणी मुदत घातली नव्हती, म्हणून मी ती लांबवत गेलो, आणि अखेर ती कोणाच्या कामाची राहिली नाही. त्यानंतरच्या नोकरीत मी दोन गोष्टी पाळल्या. कोणालाही कोठडीत घालताना आज तुझे कुठे काही अडते आहे का, हे विचारून रोजनाम्यात लिहून ठेवत असे. आणि ज्याच्याकडून गुन्हा झालेला नाही अशी माझी खात्री होई, त्याला सोडताना ‘पुराव्याअभावी’ हा शब्द लिहीत नसे. त्याच्या गावच्या चावडीवर स्वतः जाऊन, जमले नाही तर जमादाराला पाठवून, हा माणूस निर्दोष आहे आणि आम्ही चुकलो असे सांगत असे. काही ठिकाणी लोकांनी मला तोंडावर शिव्या दिल्या. माझे सोबतीचे अधिकारी म्हणत की अशाने पोलिसांचा धाक कमी होतो. झाला असेल.